पुठ्ठ्याचा डोंगर

रविवारी सकाळी मायने डोंगरावर हात ठेवला आणि विचारलं, "ह्यो कुठला डोंगर रं?"

डोंगर पुठ्ठ्याचा होता. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, चिकटपट्टीने जोडून मी तो आदल्या रात्री उभा केला होता. खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ टाकायच्या आधी असं करावं लागतं. कागदावर सगळंच बसतं, म्हणून फळीवर खोटा पूल, खोटं स्टेशन, खोटी टेकडी ठेवून आठ दिवस त्याच्याभोवती फिरायचं, मग कुठे काय चुकतंय ते कळतं. मी आठ दिवस नाही, दोन वर्षं फिरतो आहे. वाळूजच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन आहे. सहा दिवस दुसऱ्यांची यंत्रं काढतो आणि सातव्या दिवशी सिडकोतल्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत माझी रेल्वे आखतो. विशाखाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्या खोलीला 'रेल्वे बोर्ड' नाव ठेवलं आहे. औरंगपुऱ्यातून आणलेल्या कागदांच्या गुंडाळ्या कपाटावर छतापर्यंत गेल्या, पण एक खिळा अजून ठोकलेला नाही. प्लॅटफॉर्म किती मिलिमीटर उंच असावा यावर मी फोनवर कुण्या पुण्याच्या माणसाशी तासभर भांडलो तेव्हा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी." खरंच आहे ते. मला आखायला आवडतं. आखताना गाडी सुटत नाही.

मायला दिसत नाही. काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी उजवा डोळा नेला, डावा गेल्या साली. तेव्हापासून रविवारी चहा झाला की ती भिंत धरत मागच्या खोलीत येते, खुर्ची ओढते आणि फळीवर हात फिरवते. मी जे आखतो आहे ते आमच्या गावाजवळचं आहे, शहरापासून पूर्वेला, नाल्यावरच्या पुलापासून स्टेशनापर्यंतचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिच्या बोटांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं. "ह्यो नाल्याचा पूल. ह्यो टेसनचा लिंब. ही मालाची गोदी." एवढ्याशा लिंबाच्या शेंड्याला ती असा हात लावायची, जसा एखाद्या नातवाच्या डोक्याला लावावा. मला ते बरं वाटायचं. चार दशकांत तिला मी दुसरं काही दिलं असेन असं मला आठवत नाही.

"माय, तो बोगदा आहे," मी म्हणालो. "आत वळण आहे. खोली लहान पडते ना, म्हणून वळण आखूड झालं. आखूड वळणावर गाडी बरी दिसत नाही, म्हणून झाकलंय."

"आपल्या इकडं कुठं व्हता बोगदा?" ती म्हणाली. "समदं रान सपाट. पुलावून बघितलं तर टेसन दिसायचं." तिने हात काढून घेतला आणि नातीला, दिपालीला हाक मारून चहा आहे का विचारलं. एवढंच झालं.

मी तिला खोटं सांगितलं नव्हतं. या छंदातला कुणीही हेच सांगेल. सत्त्याऐंशी पट लहान केलं तरी खऱ्या जमिनीचा एक किलोमीटर साडेअकरा मीटर होतो, आणि माझी खोली बारा फूट लांब आहे. म्हणजे वगळणं आलं. काय ठेवायचं, काय गाळायचं हेच खरं आखणं. पूल ठेवायचा, स्टेशन ठेवायचं, मधलं रान गाळायचं. जिथे गाळलं तिथे जोड दिसतो, त्या जोडावर डोंगर ठेवायचा. गाडी एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने बाहेर येते, आणि बघणाऱ्याला वाटतं की बरंच अंतर गेलं. दोन वर्षांत मी अकरा आराखडे केले. त्या सकाळी माय चहा पीत असताना मी ते सगळे काढून जमिनीवर पसरले. स्टेशन कधी डावीकडे होतं, कधी उजवीकडे. पूल कधी खिडकीखाली, कधी दाराशी. डोंगर मात्र अकराही कागदांवर होता, आणि अकराही वेळा तो पूल आणि स्टेशन यांच्या मधल्या त्याच जागेवर बसलेला होता.

दिपाली माझी मुलगी, एका आर्किटेक्टकडे नकाशे करते. माझाच हात तिच्यात आला आहे, फक्त तिचा जास्त स्वच्छ आहे. ती चहाचा कप घ्यायला आली आणि कागदांवर उकिडवी बसली. "आजी बरोबर म्हणते बाबा. हा डोंगर उपराच वाटतो." मी वळणाचं कारण पुन्हा सांगितलं. तिने टेप घेतली, दाराकडची फळी मोजली, भिंत मोजली. "ही फळी वीतभर पुढे घ्या. पंचेचाळीसच्या जागी साठ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण बसतं. साठचं काही वाईट दिसत नाही. मग लपवायचं कशाला?"

"दार उघडणार नाही."

तिने दार उघडून दाखवलं. वीत सोडूनही फळी आणि दार यांच्यात चार बोटं उरत होती. ती कप घेऊन गेली. डोंगर ठेवायला माझ्याकडे आता एकही कारण नव्हतं.

आमच्या त्या लायनीवर तेव्हा छोटी गाडी होती. कोळशाचं इंजिन, अरुंद रूळ. पूल आणि स्टेशन यांच्यामध्ये एक पायवाट रूळ ओलांडून जायची; फाटक नाही, पाटी नाही, नुसती मेंढरांच्या खुरांनी पडलेली वाट. अलीकडे आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचं कुंपण, आणि पलीकडे चराई. गाडी पुलावर शिट्टी द्यायची. आबा, माझे वडील, शिट्टी ऐकली की निवांत हातावर तंबाखू घ्यायचे, चुना लावायचे, मळायचे, दोन वेळा थापटायचे, आणि चिमूट दाढेखाली गेली की मग गाडी पायवाटेवर यायची. तेवढ्या वेळात चाळीस मेंढरं आरामात पलीकडे जात आणि एखादं लंगडं कोकरू उचलून न्यायलाही सवड मिळे. गावात कुणाकडे घड्याळ असलं तरी रुळावर ते कुणी बघत नसे. शिट्टी आणि एक विडा तंबाखू, एवढं माप होतं. मी पंधरा वर्षांचा होतो, तंबाखू खात नव्हतो, पण ते माप माझ्या अंगात होतं. अजून आहे. ऑफिसात लिफ्टची वाट बघतानासुद्धा मी मनात चुना लावतो.

मग मोठी लाइन करायची ठरली. छोटी गाडी बंद झाली, जुने रूळ उपटले, कित्येक महिने तिथे नुसती खडी होती आणि मेंढरं खुशाल तिच्यावर बसत. आबा त्या कामावर रोजाने खडी वाहायला लागले. मला कामापेक्षा इंजिनाचं वेड. नवं इंजिन धूर सोडत नाही, घरापेक्षा उंच असतं, असं आबा सांगत आणि मला झोप येत नसे. एका सकाळी ते कामावर निघाले तेव्हा मी वाड्याच्या तोंडाशी होतो आणि अक्का, माझी मोठी बहीण मनकर्णा, पाण्याला गेली होती. आबा थांबले. म्हणाले, "आज नवं इंजन येणार हाय, चाचणीला. मुकादम म्हनला. दुपार टळेस्तवर मेंढरं पल्याड नेऊ नका. अक्काला सांग." मी व्हय म्हणालो.

मी अक्काला सांगितलं नाही. विसरलो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. विसरणं पोरांना शोभतंही. पण विसरलो नव्हतो. सांगितलं असतं तर ती मेंढरं घेऊन नाल्याकडे वळली असती, मलाही तिच्याबरोबर जावं लागलं असतं, आणि इंजिन मला दुरून दिसलं असतं. मला ते जवळून बघायचं होतं. आणि काळजी कसली? पुलावर शिट्टी होणार होती. शिट्टीनंतर एक विडा तंबाखू.

शिट्टी झाली. मी भरावावर उभा होतो, अक्का खाली मेंढरांपाशी. तिचं लग्न ठरलेलं होतं, पिवळ्या रंगाचं नवं लुगडं ती जपून खोचून नेसली होती. तिने मान वर करून विचारलं, "जाऊ का रं?" मी हात वर केला. "जा, लई येळ हाय." ती निघाली. पुढची मेंढरं रुळावर चढली आणि मी पुलाकडे बघायला लागलो. धूर नव्हता. धूर नव्हता म्हणून ते लांब आहे असं वाटत होतं आणि ते लांब नव्हतं. आबांच्या मापाने अजून चुनासुद्धा लागला नसता. मेंढरू एक बिचकलं, मागे फिरलं, त्याच्यामागे सगळी फिरली, ती तशीच फिरतात. आणि अक्का दोन्ही हात पसरून त्यांना पलीकडे लोटायला मध्ये शिरली. ती काहीतरी ओरडली असेल. मी इंजिन बघत होतो. हे वाक्य मी आजवर मनातसुद्धा पूर्ण म्हटलेलं नाही. ते लाल होतं, घरापेक्षा उंच होतं, आणि मी ते बघत होतो.

संध्याकाळी अक्काच्या मयतीला माणसं जमली होती तेव्हा मायने सगळ्यांदेखत आबांना विचारलं, "तुमी लायनीवर कामाला. तुमाला ठावं नव्हतं?"

"ठावं व्हतं," आबा म्हणाले.

"मंग लेकराला सांगितलं का नाय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बसलो होतो, माझे गुडघे मला दिसत होते. आबा फार वेळ बघत राहिले नाहीत. मग म्हणाले, "सांगायचं राह्यलं."

त्या दिवसानंतर माय आबांशी बोलली नाही. सव्वीस वर्षं. भांडली नाही, माहेरी गेली नाही, त्यांचं धुणं-भाकर सगळं केलं. फक्त बोलली नाही. दोघं एका चुलीपाशी बसलेले असत, मध्ये दोन हातांचं अंतर, आणि ती मला म्हणायची, "तुझ्या बापाला म्हणावं, भाकर झाली." मी दोन हातांवरच्या आबांना म्हणायचो, "आबा, भाकर झाली." ते उठून हात धुवायचे. दिवसातून दोनदा, सणावारी तीनदा. माझं नाव बिभीषण. घरभेद्याचं नाव म्हणून शाळेत मास्तर चिडवायचे. पण मी नावाला कधी जागलो नाही, घरातला भेद कुणाला सांगितला नाही. मला नोकरी लागली, दोघं इकडे राहायला आली, विशाखा आली, मग निरोपाचं काम तिच्याकडे गेलं. तिला वाटलं, आमच्यात नवऱ्याशी असंच बोलतात.

आबा जायच्या आधी पंधरा दिवस दवाखान्यात होते. एका दुपारी मी त्यांच्या उशाशी बसून विचारलं, "आबा, मायला सांगू का?" कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "तिची एक लेक गेली. आता ल्योकबी काढून घेतो का तिचा?" मग पाणी मागितलं. मी पाणी दिलं आणि मला हायसं वाटलं. माणूस मरतो आहे आणि आपल्याला हायसं वाटतं आहे, याची लाज मला घरी येताना रिक्षात वाटली, ती शहागंजच्या गर्दीत शिरेपर्यंत टिकली.

दरवर्षी पित्राला आमच्या घरी दोन पानं वाढतात. अक्काचं पान माय स्वतः वाढते, आता दिसत नाही तरी चाचपडत वाढते. आबांच्या पानाला ती हात लावत नाही. पहिल्या वर्षी विशाखाने आग्रह केला तेव्हा ती म्हणाली, "ज्यानं माझ्या लेकीला सांगितलं नाय, त्याला माझ्या हातचा घास नाय." ते पान विशाखा वाढते. यंदाचं पित्र शुक्रवारी होतं, रविवारपासून पाच दिवसांवर. माय आता पंच्याहत्तरच्या पुढे आहे. आणखी किती पित्रं ती असं करणार होती, आणि ती गेली की आबा कायमचे ते न सांगणारे बाप म्हणून राहणार होते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या रविवारी ते अकरा कागद जमिनीवर होते आणि मला त्यांच्यावर पाय न देता खोलीबाहेर जाता येत नव्हतं.

दुपारी मी कटर घेतला आणि डोंगर कापून काढला. पुठ्ठा ओला नव्हता तरी कटर अडकत होता. फळी वीतभर पुढे ओढली, साठचं वळण आखलं, आणि पूल ते स्टेशन हा सगळा पट्टा उघडा केला. मग पेन्सिलीने पायवाट काढली. सुतळी भिजवून तिच्या दोन्ही कडांना चिकटवली, म्हणजे बोटांना लागावी. या छंदात एक जुना नियम आहे: जिथे आपला हात पोचत नाही तिथे रूळ टाकू नये, कारण गाडी घसरते ती तिथेच. मी हात लांबवून बघितला. पायवाटेपर्यंत तो सहज पोचत होता. बोगद्यात पोचला नसता.

माय झोपून उठली आणि आली. हात फळीवर फिरला, पूल लागला, पुढे गेला, जिथे डोंगर होता तिथे थांबला.

"डोंगर गेला व्हय?"

"गेला."

"बरं झालं." बोटं पुढे सरकली आणि सुतळीला लागली. एका कडेला, मग दुसऱ्या. "वाट काढली व्हय तू."

"माय," मी म्हणालो, "आबांनी मला सांगितलं होतं."

तिचा हात तिथेच होता.

"सकाळी. वाड्याच्या तोंडाशी. नवं इंजन येणार हाय, पल्याड नेऊ नका, अक्काला सांग म्हणाले. मी नाय सांगितलं. मला इंजन बघायचं व्हतं. अक्कानं विचारलं जाऊ का, तर मीच म्हणलं जा." एवढं बोलायला मला एकतीस वर्षं लागली आणि बोलायला एक विडा तंबाखूसुद्धा लागला नाही.

मायने तोंड माझ्याकडे केलं नाही. तिने विचारलं, "तुझा बाप कुठं व्हता तवा?"

मी तिचं बोट धरून पुलाच्या अलीकडे नेलं, जिथे तेव्हा आबांचा खडीचा ढीग होता. तिने तिथून पायवाटेपर्यंत वीत टाकली. एक वीत, दोन, आणि चार बोटं.

"इथून आरोळी गेली असती?"

"नाय."

"मारली व्हती त्यानं?"

"व्हय. लोक म्हणत होते, लई मारल्या."

"आन् मला म्हनला, सांगायचं राह्यलं."

"व्हय."

ती रडेल असं मला वाटलं होतं. मला शिव्या देईल, मारेल, असंही वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. ती तशीच बसली, एक बोट त्या ढिगाच्या जागेवर ठेवून. अंधार पडायला लागला तेव्हा दिपाली येऊन तिला घेऊन गेली. सोमवारी ती बोलली नाही. मंगळवारीही नाही. म्हातारं माणूस आहे, गप्प बसतं कधी कधी, असं विशाखा म्हणाली. मी तिला काही सांगितलं नाही.

शुक्रवारी पित्र होतं. मी रजा टाकली. विशाखाने दोन पानं मांडली आणि आबांचं वाढायला वाटी उचलली, तशी माय म्हणाली, "ठेव." ती जमिनीवर घसरत पुढे आली. आधी पानाची कड चाचपली, मग भात, मग आमटी; कढी सांडली, तिने पदराने पुसली. आबांना आवडणारी ठेच्याची गोळी तिने बोटाने एका कोपऱ्यात लावली, जिथे ते घ्यायचे. मग हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत, त्यांचा काही उपयोगही नव्हता. पानासमोर तोंड करून ती म्हणाली, "जेवा." सव्वीस आणि वर पाच वर्षांनी. विशाखाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, म्हातारीचा राग गेला. गच्चीवर कावळ्यांना दोन्ही पानं ठेवून मी खाली आलो तेव्हा घरात ताटं घेतलेली होती. मी मायच्या समोर, माझ्या नेहमीच्या जागी बसलो. आमच्यात दोन हातांचं अंतर होतं. तिला माझी चाहूल लागली, कारण तिने मान वळवली, दुसऱ्या बाजूला, जिथे दिपाली पाणी भरत होती.

"दिपाली," ती म्हणाली, "तुझ्या बापाला म्हणावं, भाकर झाली."

दिपाली हसली. "आजी, बाबा इथेच तर बसलेत. तुझ्यासमोर."

"म्हणावं," माय म्हणाली.

दिपालीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांग म्हणून. पोरीने तांब्या खाली ठेवला आणि मला म्हणाली, "बाबा, भाकर झाली."

मी उठून हात धुवायला गेलो.